गॅस-विजेच्या खात्यात पैसे साठलेत? ब्रिटनमधला मासिक हप्ता कसा ठरवायचा, जादा पैसे कसे परत मागायचे

महाराष्ट्रात विजेचं बिल म्हणजे सरळ व्यवहार असतो. महिनाभर वीज वापरायची, रीडिंग झालं की बिल येतं, ते भरायचं. ब्रिटनमध्ये घर भाड्यानं घेतलं की वेगळाच प्रकार समोर येतो. गॅस आणि वीज पुरवणारी कंपनी तुमच्या वर्षभराच्या वापराचा अंदाज बांधते, त्याचे बारा सारखे भाग करते आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बँकेतून डायरेक्ट डेबिटनं कापून घेते. उन्हाळ्यात हीटिंग बंद असतं, तरी हप्ता तोच. त्या महिन्यांत जादा भरलेले पैसे खात्यात साठतात आणि थंडीत वापरले जातात. मग एक दिवस ॲपमध्ये दिसतं की तुमच्या नावावर तीनशे-चारशे पौंड जमा आहेत, आणि प्रश्न पडतो की हे पैसे माझे आहेत का, आणि असतील तर तिथे का पडून आहेत.

पैसे तुमचेच आहेत. मात्र सगळेच जादा आहेत असं नाही, आणि किती जादा आहेत हे सांगायला कंपनी आपणहून येईलच असंही नाही. तो हिशोब आपण स्वतः करायचा आणि आपला आकडा घेऊन कंपनीकडे जायचं. मी ब्रिटनमध्ये स्वतः हे सगळं केलंय. नव्यानं आलेल्यांना तीच वाट सोपी व्हावी म्हणून क्रमानं लिहितो.

इथले नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे आहेत. तिथली नियामक संस्था ऑफजेम. उत्तर आयर्लंडची व्यवस्था आणि नियामक वेगळे आहेत.

१. आधी एवढं जवळ घ्या

- शेवटचं पूर्ण बिल (ॲपमधला सारांश पुरत नाही, पीडीएफ उतरवून घ्या)
- आजचं मीटर रीडिंग, विजेचं आणि गॅसचं, फोटोसकट
- शक्य असेल तर वर्षापूर्वीचं बिल किंवा घरात आलात त्या दिवशीचं रीडिंग
- तुमचे दर: विजेचा आणि गॅसचा प्रति युनिट दर, दोन्हींचा रोजचा स्टँडिंग चार्ज
- खाते क्रमांक आणि सध्याच्या हप्त्याची रक्कम

युनिट म्हणजे किलोवॉट-तास, आपल्याकडच्या बिलावर असतं तेच. स्टँडिंग चार्ज म्हणजे एक दिवाही लावला नाही तरी रोज लागणारा स्थिर आकार. दर आणि स्टँडिंग चार्ज प्रदेशानुसार बदलतात, म्हणून लंडनच्या मित्राचे आकडे ग्लासगोत वापरू नका. घरगुती बिलावर ५ टक्के व्हॅट असतो. बिलावरचा दर व्हॅट धरून आहे की वगळून, हे आत्ताच पाहून ठेवा.

२. शिल्लक खरी आहे का, हे तपासा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. खात्यात ४०० पौंड दिसतात म्हणजे ४०० पौंड आहेतच असं धरून चालू नका.

आधी बिलावरचं रीडिंग पाहा. त्याच्या शेजारी ‘ई’ अक्षर किंवा ‘एस्टिमेटेड’ असा शब्द असेल, तर तो कंपनीचा अंदाज आहे. अंदाज कमी धरला असेल तर शिल्लक फुगलेली दिसते, आणि खरं रीडिंग गेलं की ती एका रात्रीत वितळते. स्मार्ट मीटर असला तरी निर्धास्त राहू नका. काही मीटरचा संपर्क तुटतो, विशेषतः कंपनी बदलल्यावर किंवा तळघरात मीटर असेल तर, आणि पुन्हा अंदाजानं बिल येऊ लागतं. स्वतः रीडिंग पाठवा आणि त्यावर नवं बिल येईपर्यंत थांबा.

मग शेवटचं बिल कधी निघालं ते पाहा. दर महिन्याला हप्ता जातोय, पण चार-पाच महिने बिलच निघालेलं नाही, असंही होतं. अशा खात्यात मोठी रक्कम जमा दिसते, कारण वापर अजून वजाच झालेला नसतो. ते पैसे काढून खर्च केलेत तर पुढच्या बिलाला तुमच्याकडे काही उरणार नाही. कंपनीच्या चुकीनं बिल राहिलं असेल, तर बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे तिला मागता येत नाहीत. मात्र बारा महिन्यांच्या आतलं सगळं द्यावं लागतं.

त्यानंतर मीटर तुमचाच आहे ना, याची खात्री करा. फ्लॅटच्या इमारतींत सगळे मीटर एका कपाटात ओळीनं लावलेले असतात आणि शेजाऱ्याचा मीटर तुमच्या खात्याला जोडलेला निघू शकतो. मीटरवरचा अनुक्रमांक बिलावरच्या अनुक्रमांकाशी अंकानं अंक जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण चूक निघाली तर निस्तरायला महिने जातात.

गॅसच्या मीटरची अजून एक गंमत समजून घ्या. वीज मीटर थेट युनिट दाखवतो, गॅस मीटर मात्र वायूचं घनफळ दाखवतो. नव्या मीटरवर घनमीटर असतात. एक घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट. जुन्या मीटरवर घनफुटांचं माप असतं आणि तिथे शंभर घनफुटांचा एक आकडा म्हणजे साधारण ३१ युनिट. कंपनीच्या नोंदीत मीटरचा प्रकार चुकीचा असेल, तर बिल जवळपास तिप्पट किंवा तिसऱ्या हिश्शाइतकं येतं. गॅसचा खर्च घराच्या मानानं विचित्र वाटला, तर आधी हे तपासा.

आणि वॉर्म होम डिस्काउंटसारखी सरकारी सवलत खात्यात जमा झाली असेल तर तीही शिल्लकीत दिसते. ती धरून हप्ता कायमचा कमी करू नका. दरवर्षी मिळेल याची खात्री नसते.

३. वर्षाचा कोणता काळ चालू आहे?

एकच शिल्लक एप्रिलमध्ये जास्त आणि ऑक्टोबरमध्ये बेताची असू शकते. या देशात गॅसचा मोठा हिस्सा नोव्हेंबर ते मार्च या काळात घर तापवण्यात जातो. म्हणून खातं उन्हाळाभर फुगतं आणि हिवाळ्यात आटतं. लक्षात ठेवायला सोपं: शिल्लक दिवाळीच्या सुमारास सगळ्यात जास्त असायला हवी आणि गुढीपाडव्याच्या सुमारास सगळ्यात कमी.

पाडव्यानंतरही खात्यात तीन-चार हप्त्यांएवढे पैसे शिल्लक असतील, तर हप्ता जास्त आहे हे नक्की. पूर्ण हिवाळा जाऊनही जे संपलं नाही, ते आता उन्हाळ्यात कशाला लागणार? म्हणून हा हिशोब करायला एप्रिल-मे हे सगळ्यात चांगले महिने. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केलात तरी हरकत नाही, पण तेव्हा हात आखडता ठेवा.

नव्यानं आलेल्यांच्या खात्यात पैसे साठण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पहिला अंदाज. घरात आलात तेव्हा कंपनीकडे तुमच्या वापराची माहिती नसते. घराचा आकार किंवा आधीच्या भाडेकरूंचा वापर पाहून ती हप्ता ठरवते. आधी तिथे पाच जणांचं कुटुंब राहत असेल आणि आता दिवसभर ऑफिसात असणारं जोडपं राहत असेल, तर तो अंदाज चुकणारच.

दुसरं कारण दरांचं. ठरावीक मुदतीसाठी बांधून घेतलेले दर सोडले, तर घरगुती दरांवर ऑफजेमची प्राइस कॅप, म्हणजे दरांची कमाल मर्यादा असते आणि ती दर तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला बदलते. २०२२ च्या हिवाळ्यात दर आकाशाला भिडले होते. तेव्हा वाढवलेले हप्ते दर उतरल्यावर आपोआप खाली आलेच असं नाही. दर कमी झाले तेव्हा आपला हप्ता कमी झाला का, हे पाहायची सवय लावून घ्या. आणि एक गैरसमज इथेच दूर करतो: बातम्यांत प्राइस कॅपचा जो वार्षिक आकडा सांगतात, ती तुमच्या बिलाची कमाल मर्यादा नाही. मर्यादा प्रति युनिट दरावर आणि स्टँडिंग चार्जवर असते. तो आकडा सरासरी वापराच्या घराचा असतो. जास्त वापरलंत तर बिल त्याच्या वर जाणार.

४. वर्षाचा खर्च आणि हप्ता स्वतः काढा

कागद-पेन घ्या. समजा दोन बेडरूमचं घर आहे. वर्षात वीज २,४०० युनिट आणि गॅस ९,००० युनिट लागतो. खालचे दर व्हॅटसकट, फक्त उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला.

- वीज: २,४०० × २६ पेन्स = ६२४ पौंड
- विजेचा स्टँडिंग चार्ज: ५५ पेन्स × ३६५ दिवस = सुमारे २०१ पौंड
- गॅस: ९,००० × ६ पेन्स = ५४० पौंड
- गॅसचा स्टँडिंग चार्ज: ३२ पेन्स × ३६५ दिवस = सुमारे ११७ पौंड

एकूण सुमारे १,४८२ पौंड. बारानं भागले की महिन्याला साधारण १२४. हा तुमचा योग्य हप्ता. कंपनी १६५ कापत असेल, तर वर्षाला जवळपास ५०० पौंड जास्त जातायत.

पूर्ण वर्षाचा वापर माहीत नसेल तर बिलावर वार्षिक वापराचा अंदाज छापलेला असतो, तो घ्या. पण फक्त जून-जुलैच्या वापराला बारानं गुणू नका. तसं केलंत तर हप्ता हास्यास्पद कमी येईल आणि फेब्रुवारीत खातं उणे होईल. तुलनेसाठी ऑफजेमनं २०२३ मध्ये ठरवलेला मध्यम घराचा वापर पाहा: वर्षाला वीज २,७०० युनिट आणि गॅस ११,५०० युनिट. कमी वापराच्या घरासाठी हेच आकडे १,८०० आणि ७,५०० होते.

येत्या वर्षात काय बदलणार आहे, तेही धरा. आई-बाबा भारतातून तीन महिन्यांसाठी येणार असतील तर हीटिंग दिवसभर चालू राहणार, आणि ते राहायलाच हवं. पुण्याच्या हवेतून आलेल्या सत्तरीच्या माणसांना सतरा अंशांत बसवून बिल वाचवू नये. बाळ होणार असेल, कोणी घरून काम सुरू करणार असेल, तरी वापर वाढतो. उलट डिसेंबर-जानेवारीत तुम्हीच महिनाभर भारतात जाणार असाल तर वापर घटेल. तेव्हाही हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका. कडाक्याच्या थंडीत पाइप गोठून फुटतात. कमी तापमानावर ठेवून जा.

५. पैसे परत घ्यायचे की हप्ता कमी करायचा?

वरचंच घर घेऊ. एप्रिल संपतोय, खात्यात ४२० पौंड जमा आहेत, हप्ता १६५ आहे. आधाराला एका योग्य हप्त्याएवढे, म्हणजे साधारण १२० पौंड राहू द्या. उरलेले ३०० तुमचे. आता दोन वाटा आहेत.

पहिली: ३०० पौंड बँकेत परत घ्या आणि हप्ता १२४-१२५ करा. दुसरी: पैसे खात्यातच राहू द्या आणि ते पुढच्या बारा महिन्यांत संपतील असा हप्ता लावा. १,४८२ मधून ३०० वजा केले की उरतात १,१८२, म्हणजे महिन्याला साधारण ९९.

दोन्ही एकदम करू नका! ३०० परत घेतले आणि हप्ताही ९९ केला, तर वर्षअखेरीस जवळपास ३०० पौंडांचा खड्डा पडतो. मग कंपनी हप्ता एकदम वर नेते आणि आपल्याला वाटतं की दर वाढले. माझ्या ओळखीत हा घोळ वारंवार झालेला पाहिलाय. ॲपमध्ये दोन्ही बटणं शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे मोह होतो.

माझं मत पहिल्या वाटेच्या बाजूनं आहे. हप्ता खऱ्या वापराइतका असला की पुढच्या वर्षी पुन्हा धक्का बसत नाही, आणि पैसे आपल्या बचत खात्यात राहून चार पेन्स व्याज मिळवतात. ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही किंवा ज्यांना दर महिन्याची ओढाताण कमी करायची आहे, त्यांनी दुसरी वाट घ्यावी. पण बारा महिन्यांनी हप्ता परत १२४ वर जाणार, हे कॅलेंडरमध्ये लिहून ठेवावं.

हेच ४२० पौंड ऑक्टोबरच्या शेवटी दिसले तर? नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत या घराचा खर्च साधारण ९०० पौंड होईल (गॅस ६,८०० युनिट, वीज १,३०० युनिट आणि स्टँडिंग चार्ज धरून). १२४ चे सहा हप्ते म्हणजे ७४४. कमी पडतात सुमारे १६०. त्यात आधाराचे १२० मिळवले की २८० खात्यात राहायलाच हवेत. म्हणजे १४० पौंडच मागा. एप्रिलमध्ये हाच आकडा ३०० होता.

६. कंपनीशी बोलणं

बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर हप्ता बदलायची सोय असते. मात्र तिथे एक किमान रक्कम ठरवलेली असते आणि तिच्याखाली जाता येत नाही. परताव्यासाठीही वेगळा पर्याय असतो. त्याआधी अलीकडचं मीटर रीडिंग मागतात. तुमचा आकडा ॲपनं घेतला नाही, तर फोन करा किंवा चॅटवर लिहा. मी लेखी मार्ग सुचवतो, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा होतो.

निरोपात एवढं असू द्या: खाते क्रमांक, आजचं दोन्ही मीटरचं रीडिंग, गेल्या बारा महिन्यांचा वापर, सध्याच्या दरानं वर्षाचा खर्च, त्यावरून निघणारा हप्ता, किती पौंड परत हवेत. आणि शेवटी एक स्पष्ट प्रश्न: हे मान्य नसेल तर तुमचा हिशोब मला लेखी द्या. ‘बिल फार येतंय, काहीतरी करा’ असं लिहून काही हालत नाही. आकडे पुढे ठेवले की समोरच्यालाही काम सोपं होतं. एकदा माझ्या खात्यात भरपूर पैसे जमा असताना हप्ता वाढवल्याचं पत्र आलं होतं. वापराचे आकडे आणि रीडिंगचे फोटो पाठवल्यावर तो पूर्ववत झाला.

तुमच्या बाजूला दोन नियम आहेत. परवान्याच्या अटींनुसार कंपनीला डायरेक्ट डेबिटची रक्कम उपलब्ध असलेल्या सगळ्यात चांगल्या आणि ताज्या माहितीवरच ठरवावी लागते. आणि जमा रक्कम मागितल्यावर ती परत करावी लागते. नाकारायची असेल तर रास्त कारण हवं आणि ते तुम्हाला सांगायला हवं. बोलताना हे नियम शांतपणे सांगा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

रागाच्या भरात बँकेतून डायरेक्ट डेबिट रद्द करू नका. तसा अधिकार तुम्हाला आहे, पण त्यानं जमा पैसे परत येत नाहीत. उलट डायरेक्ट डेबिटचा स्वस्त दर जाऊन बिल आल्यावर भरणाऱ्यांचा महाग दर लागू शकतो. खरोखर चुकीची रक्कम कापली गेली असेल किंवा आगाऊ सूचना न देता हप्ता वाढवला असेल, तर डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली बँक ते पैसे परत देते. सूचना साधारणपणे दहा कामकाजाचे दिवस आधी यायला हवी.

बारा सारखे हप्ते नकोच असतील, तर दर महिन्याच्या खऱ्या वापराएवढीच रक्कम कापणारं डायरेक्ट डेबिट कंपनी देते का, ते विचारा. मग शिल्लक साठण्याचा प्रश्नच येत नाही. पण जानेवारीचं बिल जुलैच्या कितीतरी पट येईल, तेवढी तयारी हवी.

७. नाही म्हणाले तर

‘मला अधिकृत तक्रार नोंदवायची आहे’ असं याच शब्दांत सांगा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. नुसतं फोनवर नाराजी दाखवली तर तिची नोंद तक्रार म्हणून होईलच असं नाही. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा त्याआधीच कंपनीनं ‘आमचं हेच अंतिम उत्तर’ असं पत्र दिलं, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. ग्राहकाला ते मोफत आहे, आणि तुम्ही निर्णय मान्य केलात तर कंपनीवर तो बंधनकारक असतो. मधल्या काळात सल्ला हवा असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस ही संस्था मोफत मदत करते.

‘ऑफजेमकडून तुम्हाला परतावा मंजूर झालाय, या दुव्यावर बँकेची माहिती भरा’ असा मेसेज आला, तर तो फसवणुकीचा आहे. ऑफजेम कोणाला परतावा देत नाही. परतावा फक्त तुमच्या पुरवठादाराकडून येतो.

कंपनीच बुडाली तर? २०२१-२२ मध्ये अशा कितीतरी कंपन्या बंद पडल्या. घरगुती ग्राहकांची जमा रक्कम अशा वेळी सुरक्षित असते. ऑफजेम दुसरी कंपनी नेमते आणि शिल्लक तिकडे वळते. आपण फक्त त्या दिवशीच्या रीडिंगचा आणि शेवटच्या बिलाचा फोटो काढून ठेवायचा.

८. घर सोडताना किंवा भारतात परतताना

कंपनीच्या कामावर दोन-तीन वर्षांसाठी आलेल्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात. घराचा ताबा देताना मीटरचे फोटो काढा, त्यात अनुक्रमांकही दिसला पाहिजे. कंपनीला घर सोडल्याची तारीख, ती रीडिंग आणि अंतिम बिलासाठी ईमेल कळवा. अंतिम बिल सहा आठवड्यांत यायला हवं आणि जमा रक्कम त्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवी.  कंपनी बदलतानाही हेच लागू होतं, आणि तेव्हा मुदत चुकली तर जुन्या कंपनीला ठरावीक भरपाई द्यावी लागते.

चार जण मिळून राहत असाल तर परतावा ज्याच्या नावावर खातं आहे त्यालाच मिळतो. कोणाचा किती वाटा, हे सामान बांधायच्या आधी लिहून घ्या.

आणि ब्रिटनमधलं बँक खातं परतावा जमा होईपर्यंत बंद करू नका. खातं बंद झालं की काही कंपन्या चेक पाठवतात, तोही तुमच्या जुन्या पत्त्यावर, आणि पौंडांचा चेक भारतात वटवणं फार कटकटीचं होतं. विमानात बसण्याआधी डायरेक्ट डेबिटही लगेच रद्द करू नका. अंतिम बिलात थोडी बाकी निघाली तर ती त्यातून जाईल. ती राहिली तर वसुलीची पत्रं तुम्ही सोडलेल्या घरात जाऊन पडतील, आणि तुम्हाला कळणारही नाही.